सोआझिगचा बारावा तारा

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या आमच्या बंदरातली सोआझिग आधी शिडं शिवायची, मग झेंडे शिवू लागली. चाळीस वर्षं एकच झेंडा, ब्रिटनीचा: काळे-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात अर्मिन या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या खुणा, मोजून अकरा. पुढे मोजायचीही गरज उरली नाही. हात आपोआप अकरावर थांबायचा.

यंदा होड्यांच्या जत्रेला युरोपभरातून पाहुणे येणार, म्हणून नगरपालिकेने नवा झेंडा मागवला. पट्टे ब्रिटनीचे, पण कोपरा निळा आणि त्यात युरोपच्या बारा सोनेरी ताऱ्यांचं कडं.

जत्रेच्या सकाळी मेयरचा सचिव गोलवेन झेंडा उलगडून किंचाळलाच. "काकू, तारे अकराच! कड्याला खिंडार पडलंय! पाहुण्यांना कुठलं तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव, धुऊन," सोआझिग म्हणाली. सोनेरी कापड संपलं होतं. तिने पांढऱ्या कापडातून अर्मिनची शेपटी कापली आणि रिकाम्या जागी टाचली.

"अहो, हे नियमात नाही!"

"आपण ब्रेटन माणसं कधी कुणाच्या नियमात होतो रे? जागा रिकामी दिसली, बसलो."

झेंडा चढला. सनया आणि बॅगपाइप एकदम सुटले, धक्का टाळ्यांनी दणाणला. दुपारी तिच्या दारात तसाच झेंडा मागायला पाहुण्या होड्यांच्या कप्तानांची रांग लागली. आयर्लंडच्याला बाराव्या ताऱ्याच्या जागी आपल्या देशाची खूण असलेली वीणा हवी होती, सार्डिनियाच्याला आपल्या बेटाची खूण.

आता सोआझिग मुद्दाम अकरावर थांबते आणि विचारते, "बोल, तुझं गाव कुठलं?"