पाटीवरचा शेवटचा आकडा

मला कुणाचा फोन कापायची सवय नाही. समोरचं माणूस बोलून बोलून दमलं तरी मी 'बरं बरं' करत ऐकून घेते. पण गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या पोटच्या पोराचा फोन कापला, तोही थेट लढाईवरून आलेला. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, आणि हसूही येतं.

पळसदरीला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, पाण्याकाठी फोटो काढतात, आणि दुपारी एकच्या सुमारास त्यांना कडकडून भूक लागते. मग मी त्यांना जेवू घालते. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, वांग्याचं भरीत. हाच माझा धंदा. दोन्ही मुलं फौजेत आहेत. थोरला तिकडे गाड्या चालवतो, धाकटा पायदळात. धाकट्याला सुट्टीत एका जागी बसवेल तर शपथ. घरी आला की याची कौलं शाकार, त्याचा पंप उघड. गेल्या उन्हाळ्यातही आल्या आल्या म्हणाला, "आये, तुझं जेवण झ्याक हाय, पन रस्त्यावरनं कोनाला कळतंय का? पाटी पायजे."

त्याने पत्रा आणला, निळा रंग आणला आणि वर लिहिलं, 'घरगुती जेवण मिळेल'. खाली माझा नंबर, वीतभर उंच आकडे. शेवटचा आकडा सात. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्याची शाळेपासूनची खोड आहे. मास्तरांचा मार खाल्ला, पण रेघ सोडली नाही. तो सात काढून ब्रश खाली ठेवतोय तोच त्याचा फोन वाजला. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. सीमेवर पेटलं होतं.

तासाभरात त्याची बॅग भरून झाली. मी हातावर दही ठेवलं तेव्हा त्याच्या बोटांना निळा रंग होता. दही चाटून तो म्हणाला, "नीट ऐक. आमच्याजवळ फोन नसंल. कोनाचा मिळाला तर दादा एक रिंग दील आनि कट करंल. मी दोन दीन. तेवढ्यावर समजायचं, पोरगा खुशाल हाय. नंबर कुठलापन असंल, पन तू उलटा फोन लावायचा नाय. ज्याचा फोन असंल त्याची वाट लागंल."

"नाय लावनार," मी म्हटलं.

त्याच्यानंतर आमच्या घरात फक्त टीव्ही बोलत होता. ती कोटातली माणसं इतकी ओरडत होती, जणू बंदुका त्यांच्याच खांद्यावर आहेत. आमचे हे त्या टीव्हीसमोरून हलेनात. शेवटी मी वायर उपसली आणि शिंक्यावर ठेवली. "बातमी कळायची ती माझ्या फोनवर कळंल," म्हटलं. फोन कमरेला, भाकरी थापतानाही कमरेला. आंघोळीला गेले तर ह्यांच्या हातात देऊन जायची आणि आतून विचारायची, "वाजला का?"

चौथ्या दिवशी एक रिंग वाजली. एकच. थोरला! कुठला तरी भलताच नंबर होता, पण मी फोन पदराने पुसून घेतला. आता धाकट्याची वाट.

गुरुवारी सकाळी मी चुलीपुढे होते. फोन वाजला, पुन्हा वाजला, आणि बंद झाला. दोन रिंगा. नवा नंबर. माझे हात पिठाचे, तशीच अंगणात पळाले. हे म्हणाले, "अगं, मोजल्यास का नीट?" मी म्हटलं, "मला दोनपर्यंत मोजता येतं." मग काय विचारता. गावदेवीला नारळ फोडला. अख्ख्या आळीत गूळ-खोबरं वाटलं. जी भेटेल तिला सांगत सुटले. तीन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते, आणि तीन दिवस मी पोटभर जेवले.

रविवारी दुपारी दारात दोन गाड्या थांबल्या. बारा माणसं उतरली. पुढची मुलगी हसत म्हणाली, "काकू, तयार आहे ना आमचं जेवण?"

मी म्हटलं, "कुठलं जेवण? तुमचा फोन नव्हता आला."

"केला होता ना. मागच्या आठवड्यात इथून जाताना पाटीचा फोटो काढलेला. गुरुवारी पुण्याला निघालो होतो, ट्रेनमधून लावला तुम्हाला. घाटात बोगदा आला आणि रेंज गेली. मग मी मेसेज टाकला. बघितला नाहीत का?"

मी मेसेज कशाला बघते? मी तर रिंगा मोजत होते. तिने तिचा फोन पुढे धरला, मी माझा काढला. गुरुवारच्या नंबराशी तिचा एकेक आकडा लावून पाहिला. सगळे जुळले.

तिला काय कळणार बिचारीला. मी म्हटलं, "बसा, तासभर लागंल." आत गेले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. बारा माणसांच्या छत्तीस भाकऱ्या. उपाशी कुणाला पाठवायचं नाही, हा माझा नियम आहे. हे दारात येऊन उभे राहिले, मग खाली बसून चुलीत लाकडं सारू लागले. मी रडत होते आणि थापत होते. बाहेर ती पोरं रस्सा ओरपत होती, वाहवा करत होती. एकाने आत डोकावून विचारलं, "काकू, अजून एक भाकरी?" मी दोन वाढल्या.

गाड्या गेल्यावर मी चुन्याची बादली घेतली आणि पाटीकडे गेले. आता अनोळखी फोन यायला नको होते. यायचे ते फक्त धाकट्याचे. पण कुंचला त्या निळ्या आकड्यांवर टेकवताना हात जड झाला. त्याच्या हातचे होते ते. वरची अक्षरं ठेवली, नंबर पुसला. रेघेचा सात सगळ्यात शेवटी पुसला.

आठवडा गेला. तोफा थांबल्या, असं हे शेजारच्या टीव्हीवर ऐकून आले. थोरल्याचा फोन आला, अगदी आवाजासकट. त्याला भावाची खबर नव्हती. "येईल गं, आये," म्हणाला, पण मी त्याला जन्म दिलाय. तेच वाक्य तो तीनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दोन रिंगा, तीन, चार. थांबेचना. म्हणजे गिऱ्हाईक. मी उचलला. कुणीतरी हिंदीत म्हणालं, "हॅलो, आंटीजी..."

"खाना बंद है," मी म्हटलं आणि कापला.

लगेच दोन रिंगा. बंद. मी फोनकडे बघत राहिले. पुन्हा दोन रिंगा. बंद. पुन्हा दोन. हे ओट्यावरून उठले, "अगं, हाच नंबर हाय मगाचा." आता बोगदा असो, रेंज असो, कुणाची वाट लागो. मी उलटा फोन लावला.

"काय गं आये," तिकडून आवाज आला, "माझ्या दोस्तानं फोन लावून दिला आनि तू त्याला उपाशी हाकललास?"

इतके दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं. आणि सवयीने तोंडातून बाहेर काय पडावं? "किती माणसं हाईत?"

तो खो खो हसला. हसता हसता मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. मीही रडून घेतलं. बरा होता. धडधाकट होता. हाताला जरासं खरचटलं म्हणाला, किती ते भेटल्यावर बघेन. फोन दुसऱ्याचा, वेळ थोडा. शेवटी त्याने विचारलं, "पाटीवरनं गिऱ्हाइकं येतात ना गं?"

"येतात रं," मी म्हटलं. "लय येतात."

फोन ठेवला आणि तडक पडवीत गेले. त्याचा निळ्या रंगाचा डबा होता, ब्रश मात्र वाळून लाकूड झालेला. रॉकेल नाही म्हणून हे शेजारून मागून आले. दोघांनी मिळून ब्रश मऊ केला. मग मी पाटीसमोर उभी राहिले आणि एकेक आकडा काढला. वाकडेतिकडे आले, पण आले. नऊ झाले. सातपाशी आले आणि थांबले.

तो मी काढला नाही. जागा कोरी ठेवली. येणारी-जाणारी माणसं थांबतात, बोटांवर आकडे मोजतात, हाक मारतात, "अहो काकू, एक आकडा राहिलाय."

मी आतूनच सांगते, "आमचा पेंटर सुट्टीवर यायचाय."