चढ्या शेअरशी घासाघीस

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयप्रकाश सामंतांनी सांगितलेल्या भावाला कधी काही घेतलं नव्हतं. न्हावा शेव्याच्या एका कस्टम एजंटकडे उभी हयात गेली. निरोपाच्या समारंभात शाल अंगावर पडली, तर तिचीही किंमत विचारून "फसवलं तुम्हाला" असं त्यांनी साहेबांना स्टेजवरच ऐकवलं.

अशा माणसाच्या एफडीची मुदत संपली. पैसे बायकोच्या, मीनाताईंच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. "शेअरमध्ये फिरवतो, एकाच्या जागी दोन्ही गुडघे होतील," असं म्हणत त्यांनी मुलाकडून, अभिरामकडून, मोबाइलवर ॲप टाकून घेतलं. एका सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर मनात भरला. पण त्याचा भाव नेमका वर्षातल्या सगळ्यात वरच्या आकड्याला टेकलेला.

"एवढ्याला? वेड लागलंय का यांना!" सामंतांनी चांगला खालचा भाव लावला, मोबाइल पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"बाबा, तिकडे काय करताय?"

"दुर्लक्ष. गिऱ्हाईक निघालं की हाक मारतात."

"अहो, तिथे हाक मारायला कुणी बसलेलं नसतं!"

"मागतील तेवढ्याला कांदे आणणाऱ्याने मला शिकवू नये."

शेअर आणखी चढला. सामंत रोज सकाळी तोच भाव लावत आणि रोज गॅलरीत जात. खाली मीनाताई भाजी घेऊन परतत आणि प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबत.

मग एका सोमवारी बाजार आपटला. अभिरामचा ऑफिसातून फोन आला, "बाबा, तुमच्या भावाला आता दोनच रुपये बाकी! मिळतोय बघा!"

सामंतांचा चेहरा उतरला. "इतक्या मुकाट्याने खाली आला? म्हणजे माल नासका असणार." त्यांनी घाईघाईने ऑर्डर रद्द केली.

मीनाताई लसूण सोलत होत्या. "चढला तर महाग, उतरला तर नासका. अहो, फुकट दिला असता तरी वर कोथिंबीर मागितली असतीत."

"तसं नाही गं, जरा थांबून..."

"मी थांबतेच की, दर मजल्यावर! बुधवारची तारीख घेतलीय हॉस्पिटलची. भरा पैसे, माझ्यासमोर."

सामंतांनी भरले. पैसे गेल्याचा मेसेज वाजला, तसं मीनाताईंनी लसणाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"सोला. बुधवारपासून स्वयंपाक तुमच्याकडे."