दोघींची एकच तारीख

६ जुलै १९८६, रविवार. मी ओसरीच्या भिंतीला पांढरी माती देत होते. भिंतीचा साडेतीन हातांचा एक तुकडा काळा होता. आठ वर्षांपूर्वी कोळशाची पूड शेणात कालवून मीच तो सारवला होता, मुलींना फळा हवा म्हणून. आता मातीचा एक हात दिला तरी खालचं काळं वर येत होतं. तो वाळेपर्यंत बसून राहण्यापेक्षा वह्या बांधायला घेतल्या. कोऱ्या पानांच्या एका बाजूला, लिहिलेल्या दुसऱ्या बाजूला. लिहिलेल्यांचा ढीग कमरेपर्यंत आला. धाकटी चार दिवसांपूर्वी परभणीला वसतिगृहात गेली होती आणि घरात शिकवायला कोणी उरलं नव्हतं.

आमचं घर गावात नव्हतं. बोरीपासून पायी पाऊण तास, ओढ्याच्या पलीकडे, शेतातच. आमच्याकडे अशा घराला आखाडा म्हणतात. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडाभर दंगली पेटल्या, आणि शाळा काही दिवस बंद राहिल्या. तेव्हा थोरली पाचवीत आणि धाकटी तिसरीत होती. शाळा उघडल्यावर सासऱ्यांनी दोघींना पाठवलंच नाही. ‘दिवस बरे न्हाईत,’ म्हणाले. ज्यांच्यावर खरोखर संकट आलं होतं त्यांच्या मुली महिनाभरात शाळेत दिसू लागल्या. आमच्या केसालाही धक्का लागला नव्हता, आणि आमच्या मुली घरी बसल्या. सासऱ्यांना निमित्त हवं होतं, ते मिळालं, एवढंच.

मी भांडले नाही. मॅट्रिक झाले होते, म्हटलं, घरी शिकवते. सासरे म्हणाले, “शिकव की. तुला कोण नको म्हनलंय? भाकरी झाल्यावर शिकव.”

भाकरी झाल्यावर शिकवलं. सकाळी गणित, दुपारी शेतावरून आल्यावर भाषा आणि बाकीचं. बीजगणित मला येत नव्हतं. आदल्या दिवशी मी पुस्तकातून शिकायची आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून येत असल्यासारखी शिकवायची. इंग्रजी उच्चारांसाठी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या लावायची. बातम्या कोणालाच कळायच्या नाहीत. सातवी झाली. मग बाहेरून बसणाऱ्यांचा तो सतरा नंबरचा फॉर्म भरून थोरली दहावीला बसली आणि पास झाली. तिचं लग्न हिंगोलीकडे झालं. सासरे तोवर वारले होते, त्यामुळे धाकटीला पुढे पाठवायला कोणी अडवलं नाही. तिला थोरलीपेक्षा जास्त गुण पडले. ती म्हणाली, “आई, तू ताईवर हात बसवून घेतलास.” खरंच होतं.

ती गेल्यावर जो तो मला एकच म्हणू लागला, आता मोकळी झालीस. मोकळी म्हणजे काय ते आमच्या घरात आठवड्याच्या आत ठरलं. हे म्हणाले, “दोन म्हशी घेऊत. तुला आता दुपारी काय काम हाय?”

“आहे,” मी म्हणाले.

“काय?”

एकदा बोलले होते, त्यांनी कानाआड केलं होतं. पण मनात होतं. बोरीत अंगणवाडी निघणार होती आणि सेविका हवी होती. शिकलेली, त्याच शिवारात राहणारी बाई. आठ वर्षं मी जे केलं तेच काम, फक्त ते काम म्हणून मोजलं जाणार होतं. मला दुसरं काही येत नव्हतं आणि म्हशींमागे म्हातारी व्हायचं नव्हतं. अर्जाची शेवटची तारीख मंगळवार, आठ जुलै.

अडचण वयाची होती. अर्जाच्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण झालेली नसावीत. माझी त्रेचाळीस होती. कागदावर मात्र १ जून १९४१ ही तारीख, म्हणजे महिन्यापूर्वीच पंचेचाळीस झालेली.

ही तारीख माझी नव्हे. खरं सांगायचं तर कोणाचीच नव्हे. वडील जिंतूरला निजामाच्या कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून, होते. १९४८ साली पोलीस ॲक्शन झाल्यावर त्यांनी आम्हा दोघी बहिणींना एकाच दिवशी शाळेत घातलं. अक्का नऊ-दहा वर्षांची घोडी, मी पाच-सहाची. तिला एकटीला पाठवायचं नाही आणि मला घरी ठेवायचं नाही, म्हणून दोघी एकाच वर्गात. हेडमास्तर म्हणाले, ही या वर्गाला मोठी होते, ही लहान. मग त्यांनी मधली तारीख काढली आणि दोघींच्या नावापुढे तीच लिहिली. अक्का दोन वर्षांनी लहान झाली, मी दोन वर्षांनी मोठी झाले. तेव्हा सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं. घरात आम्हाला गमतीने जुळ्या म्हणायचे.

वडिलांच्या वहीत मात्र दोघींचे खरे जन्मदिवस उर्दूत लिहिलेले होते. निजामाच्या फसली सालात माझा १३५२, म्हणजे १९४३; अक्काचा १३४८, म्हणजे १९३९. एकाच पानावर, एकाखाली एक. ती वही माझ्याकडे होती.

जूनच्या शेवटी वही घेऊन जिंतूरला गेले. अर्जनवीसाकडून जन्मतारीख दुरुस्तीचं शपथपत्र लिहून घेतलं आणि शाळेत दाखल्यासाठी गेले. तिथल्या कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट ठेवलं.

“ह्या वरच्या कोन?”

“माझी बहीण.”

“जुळ्या का?”

“नाही, थोरली आहे,” मी म्हणाले.

इथे चुकले. हो म्हणाले असते तर काम झालं नसतं, पण बिघडलंही नसतं. त्याने चष्मा वर केला. “मग दोघींची एकच तारीख कशी, बाई? एकीची बदलली की दुसरीची चौकशी आली. त्या काय करत्यात?”

“जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे,” मी अभिमानाने सांगितलं. म्हणजे लगोलग दुसऱ्यांदा चुकले.

“मग त्यांचा जबाब आना सहीसकट,” तो म्हणाला. “त्यांना ठाव असंल काय करायचं ते.”

घरी येऊन अक्काला कार्ड टाकलं. सही हवी, कारण असं असं. चार ओळी. परिणामांचा विचार केला नाही असं मी म्हणणार नाही. थोडा केला आणि बाजूला ठेवला.

अक्का चुडाव्याला शिक्षिका होती. लग्नानंतर सहा वर्षांत विधवा झाली, मग ट्रेनिंग केलं आणि नोकरीला लागली. तिथेही वयाची अट होती आणि कागदावरची तारीख त्या अटीत तीन महिन्यांनी बसली होती. खरी तारीख लिहिली असती तर ती नोकरीला लागलीच नसती. तिच्या एकुलत्या मुलाचं शिक्षण, राहतं घर, सगळं त्या तीन महिन्यांवर उभं होतं. हे मला माहीत होतं. कार्ड लिहिताना मी एवढंच स्वतःला सांगितलं की सतरा वर्षं झाली, आता कोण उकरतंय.

त्या रविवारी माझे हात मातीने भरलेले असताना ती ओढा ओलांडून आली. चपला हातात, साडी पोटऱ्यांपर्यंत वर, डोक्यावर छत्री. आधी आगगाडी, मग एसटी, मग चिखल.

“काय माय, एवढ्या लांब राहाताव,” ती ओसरीवर टेकत म्हणाली. “माझ्या शाळंतल्या पोरी म्हनत्यात बाई म्हातारी झाली. ह्या वाटंनं आनून दाखवते एकेकीला.”

“कार्ड मिळालं?”

“पानी तर दे आधी. सही घ्यायला बोलीवलं का फाशी द्यायला?”

पाणी दिलं. हे गोठ्याकडून आले, म्हणाले, “अक्का, बरं झालं आलाव. तुमच्या बहिणीला सांगा जरा, म्हशी घेऊत म्हनलं तर तोंड फिरवायलीय.”

“तिनं पोरी राखल्या, आता म्हशी राखू दे म्हनता?” अक्का म्हणाली. “म्हशींला दहावीला बसवनार हाय का?”

हे हसले आणि परत गोठ्याकडे गेले. त्यांना कार्डाचं काही माहीत नव्हतं.

मग ती माझ्याशी साधं बोलली. शाळेत बोलतात तसं.

“तुझी तारीख खरी आहे. माझी खोटी आहे. वही तुझ्याकडे आहे. मला विचारायची गरजच काय?”

“सही लागते.”

“सही केली तर काय होईल, ठाऊक आहे?”

“चौकशी होईल. कदाचित काही होणार नाही.”

“कदाचित,” ती म्हणाली. “माझ्या शाळेत एक जण आहे, माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलाय. त्याला हे कळलं तर कदाचित राहणार नाही.”

मला राग आला. तो इतकी वर्षं साठलेला होता हे मला त्या दिवशी समजलं. मी म्हणाले, “तुला दोन वर्षं फुकट मिळाली ती माझ्याकडूनच. तू त्यावर नोकरी केलीस. मी आठ वर्षं दोन पोरींना एका भिंतीवर शिकवलं. मला कोणी बाई म्हणालं नाही, कोणी हजेरीपटावर माझी सही घेतली नाही. आता एक जागा आली तर तीही तुझ्यामुळे जाते.”

“माझ्यामुळं?” ती म्हणाली. “तारीख म्या लिहिली व्हय?”

“नाही. पण खाल्लीस तू.”

 तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कोरा फूलस्केप. खाली तिची सही, पूर्ण नाव, शाळा, तारीख. वर काहीच नाही.

“घे. काय लिहायचं ते लिही. मला वाचून दाखवू नको.”

हे तिचं नेहमीचं. लहानपणी खाऊचा मोठा वाटा माझ्यापुढे सरकवायची आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी तो कागद उचलला. हाताची माती त्याला लागली. आत जाऊन अर्जाच्या फाइलीत ठेवला आणि पिठलं टाकलं. जेवताना तिने पिठल्यात मीठ जास्त झालंय असं सांगितलं. मीठ बरोबर होतं.

दुपारी ती झोपली आणि मी वही उघडून बसले. वडिलांचं अक्षर सरळ, एका रेषेत. माझ्यापुरतं पान दाखवता येत नव्हतं. माझी ओळ कापून घेतली तर तो तुकडा पुरावा म्हणून कोणी धरला नसता. अर्जनवीसाला दुसरी गोष्ट सांगता आली असती. पण रजिस्टर तेच, कारकून तोच आणि त्याला माझ्या तोंडून कळलेलं. मी सगळ्या वाटा चालून पाहिल्या. प्रत्येक वाट चुडाव्याच्या शाळेत जाऊन संपत होती.

तिच्यासाठी मी मोठा त्याग केला असं मला त्या दिवशी वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती, आणि ती मिळाल्यावर रोज सकाळी दुसऱ्यांच्या पोरांना बसवून अक्काच्या घरात काय चाललं असेल याचा विचार करायचा, हे मला झेपलं नसतं. हिशेब इतकाच होता. तरीही त्यात मला समाधान नव्हतं. माझा पुढचा काळ रिकामा होता आणि तो कशाने भरायचा ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी हे म्हणाले, “तू ते अंगनवाडीचं म्हनत होतीस, त्याचं काय झालं? अर्जच केला न्हाईस वाटतं.” आणि मग, “बरंच झालं.”

तेव्हा ठरवलं. धाकटी पत्रात विचारणारच होती की आई, काय झालं. तिला मी ‘राहून गेलं’ असं लिहिणार नव्हते. तिच्या मावशीचं नावही घेणार नव्हते. मला लिहायला काहीतरी खरं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून, भाकरी थापून, अक्काबरोबर बोरीला चालत गेले. ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर होतं. ती माझा हात धरून उतरली आणि पलीकडे गेल्यावर तिने हात लगेच सोडला. तिला परभणीकडे जायचं होतं, मला जिंतूरकडे. स्टँडवर मी तिला कोरा कागद दिला.

“फाड,” मी म्हणाले. “माझ्यासमोर.”

तिने फाडला. आठ तुकडे केले, पिशवीत टाकले, इकडे तिकडे टाकले नाहीत. म्हणाली, “दिवाळीला येशील ना?”

“बघू,” मी म्हणाले. तिची गाडी आधी आली.

जिंतूरला अंगणवाडीचे अर्ज घेणारी कचेरी उघडायची वाट बघत व्हरांड्यात उभी राहिले. अर्जात जन्मतारीख १ जून १९४१ लिहिली होती. इथला कारकून शाळेतला नव्हता. त्याने वाचलं, बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाई, तुमचे पंचेचाळीस झाले की. मागच्याच महिन्यात.”

“माहीत आहे.”

“मग कामून भरायलाव? हे नामंजूरच व्हनार.”

“होऊ द्या. नामंजूर केलं असं लिहून द्या.”

“तसं लिहून देत न्हाईत.”

“मग साहेबांना विचारा. मी बसते.”

बाकावर बसले. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. अकरा वाजले, साडेअकरा झाले. शेवटी त्याने माझ्याच अर्जाच्या नकलेवर लाल शाईत लिहिलं, ‘वयोमर्यादा ओलांडल्याने अपात्र’, आणि शिक्का मारला. शिक्का पुसट उठला. मी पुन्हा मारायला लावला.