कडक इस्त्री आणि तिसरी मोटर

आमचे काका दुकानांतले मोठे फ्रीज दुरुस्त करतात, असं त्यांच्या कार्डावर छापलंय. प्रत्यक्षात ते फ्रीजसमोर उभे राहतात. उभं राहण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. एक हात कमरेवर, दुसरा फ्रीजच्या माथ्यावर, डोळे मिटलेले, जणू पेशंट शेवटच्या घटका मोजतोय. मग निदान होतं. तीस वर्षं एकच.

"मोटर गेली."

मागचं झाकण उघडून, स्टुलावर बसून पंख्याची मोटर बदलता येते. पण फ्रीजची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल असते पुढे, जमिनीलगत, जाळीआड. ती बघायची तर गुडघे टेकावे लागतात, आणि काकांची पँट पांढरी, कडक इस्त्रीची. "मेकॅनिक मळका दिसला की लोक अरे-तुरे करतात," हे त्यांचं तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञानाला इस्त्री काकू करायच्या.

या तोऱ्यापायी एकेक दुकान सुटत गेलं. उरल्या केकवाल्या बाई. त्यांच्याकडे महिन्यात दोन मोटरी जळल्या, आणि तिसरी तापली तेव्हा बाईंनी फोनवर नमस्कारसुद्धा म्हटला नाही.

"केकवरचं क्रीम वितळायला लागलंय. आज नीट झालं तर झालं, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस."

काका निघाले, चष्मा घरी विसरून. तो द्यायला काकू मागोमाग गेल्या.

"हल्लीच्या मोटरींत दमच नाही," काका डोळे मिटून सांगत होते.

"मोटरींत की बघणाऱ्यात?" बाई म्हणाल्या.

"अहो, तीस वर्षं घासलीत मी या धंद्यात."

"दिसतंय. पँटीला एक सुरकुती नाही."

काकूंनी चष्मा काउंटरवर ठेवला. "अहो, पंखा पुढून हवा ओढतो, असं तुम्हीच जेवताना सांगता ना?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलत नाहीये, विचारतेय." त्यांनी पदराचं टोक जाळीसमोर धरलं. पंखा घरघरत होता, पदर ढिम्म. "मग हा ओढला का जात नाही?"

काकांनी जाळीकडे पाहिलं, मग पँटीकडे. तेवढ्यात काकू खाली बसल्यासुद्धा. जाळी निघाली. आत पीठ आणि लोणी बसून बसून गोधडीएवढा थर झाला होता. हवा आत जायला फट नाही. कॉइल तापलेली, आणि जिच्यावर गार वारा यायचा ती मोटर त्या धगीत उकडत होती. आधीच्या दोन चांगल्या मोटरीही अशाच मेल्या.

काकूंनी ब्रशने थर काढला. अर्ध्या तासाने बाईंनी मोटरीवर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"काम तुमच्याकडेच राहील," त्या काकांना म्हणाल्या. "दर महिन्याला कॉइल साफ करायची. पण काकू आल्या तरच."

तर आता महिन्याच्या एक तारखेला दोघं जातात. काकू गुडघे टेकतात, काका कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, "मीच तयार केलंय हिला."

काकूंनी फक्त इस्त्री सोडली. पँटीला आता काका स्वतः इस्त्री करतात, आणि डाव्या पायावर दोन घड्या पडतात.