गोरी नव्हे, फिकट

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या घरात प्रत्येकाच्या पायाला भिंगरी असते. सून एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने ऑफिसच्या किल्ल्या शोधत होती. कुकरची ही तिसरी शिट्टी की चौथी, यावर माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं. आणि दहा महिन्यांची आमची चिमी माझ्या कडेवर दुधाची बाटली तोंडात धरून पेंगत होती. शेजारीण डबा परत करायला आली आणि नेहमीसारखा चिमीचा गाल ओढून म्हणाली, "काय गं बाई हा लोण्याचा गोळा! दिवसेंदिवस उजळतेच आहे. गेलीये तरी कुणावर?"

"कुणास ठाऊक बाई," मी म्हटलं. अंगावर मात्र मूठभर मांस चढलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दारावर मूठ आपटणारी बाई आमच्या गल्लीत एकच, काटेताई.

त्यांचं हे नाव लोकांनी पाडलेलं. आरोग्य केंद्रातर्फे त्या घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांची वजनं घेतात. बावीस वर्षं वजनकाटा अडकवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. काटा खांद्यावर आहे की जिभेवर, असा विनोद गल्लीत चालतो. त्यांना तो ठाऊक आहे. नव्या सुना आल्या की त्या स्वतःच सांगून मोकळ्या होतात.

त्यांची फेरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. आज त्या अवेळी आल्या होत्या, काट्याशिवाय, हातात एक कागद घेऊन. गेल्या आठवड्यात केंद्रात चिमीचं रक्त तपासायला घेतलं होतं, त्याचा तो कागद.

"बाळ द्या इकडे."

त्यांनी चिमीला खिडकीच्या उजेडात नेलं आणि अंगठ्याने तिची खालची पापणी अलगद खाली ओढली. "या, बघा. आता माझी बघा."

त्यांची पापणी आतून लालसर होती. चिमीची धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखी.

"रक्त कमी आहे हिचं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. दोन महिन्यांपूर्वी लोहाच्या थेंबांची बाटली देऊन गेले होते. देताय ना?"

सून म्हणाली, "कोर्स संपला ना तो? आई, तुम्हीच म्हणालात."

कुकरची शिट्टी झाली. ती मोजायची मला शुद्ध नव्हती. बाटली फडताळात, डब्यांच्या मागे होती, जवळजवळ भरलेली. थेंब सुरू केले आणि तिसऱ्याच दिवशी चिमीची शी काळीकुट्ट झाली. मी घाबरले. लोखंडच ते, म्हटलं, पोर आतून काळवंडायची. शेजारणीनेही दुजोरा दिला होता, "बंद कर, रंग जाईल हो पोरीचा!" आणि मी बंद केलं. मी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली! सुनेला खोटं सांगितलं ते वेगळंच.

हे सगळं मी तिथेच, तिघींसमोर कबूल केलं.

"अहो, शी काळी होणारच!" काटेताई कडाडल्या. "अंगाला न लागलेलं लोह तिथूनच जातं. शी काळी होते, पोर नाही! इतकी शिकलेली बाई तुम्ही, एक फोन करता आला नाही?"

शेजारीण सावरून घेत म्हणाली, "पण ताई, पोर कशी गुटगुटीत आहे बघा ना. वजनही भरतंय."

"दुधाने भरतंय. किती बाटल्या?"

"पाच," मी म्हणाले. "कधी सहा."

"गाईचं?"

"हो."

"वर्षाच्या आतल्या पोराला बाटल्यांवर बाटल्या गाईचं दूध! त्यात लोह नावापुरतं. आणि पोट दुधाने तट्ट फुगल्यावर डाळीला, अंड्याला, पालेभाजीला जागा कुठे राहणार?"

सुनेने लगबगीने फळीवरचा बाळाच्या तयार खाऊचा डबा काढला. "पण हेही देतो ना आम्ही. लोहयुक्त लिहिलंय."

डब्यावर लालबुंद गालांचं बाळ हसत होतं. काटेताईंनी डबा उलटा केला, चष्मा कपाळावर सारला आणि तळाशी नाक लावलं. "हा आकडा शंभर ग्रॅमचा आहे. ही खाते किती?"

"दोन चमचे. त्यातला एक लाळेऱ्यावर."

"म्हणजे शंभर ग्रॅम पोटात जायला पंधरवडा उलटणार. पुढे अक्षर हे एवढं, आणि आकडा मुंगीच्या पायाएवढा! छापणाऱ्यांच्या घरी लहान पोरं नाहीत का?" डबा त्यांनी टेबलावर आपटला, चिमी दचकून रडायला लागली. तिला खांद्यावर थोपटत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच राहिला. "आणि आमचे साहेब! कार्डावर वजनाची रेघ हिरव्यात आहे ना, मग पुढचं घर गाठा, म्हणतात. पापणीला कार्डावर रकानाच नाही. आज इथे निघाले तर म्हणाले, तुमची फेरी नाही आज. म्हटलं, फेरी नसेल, पाय आहेत."

मला त्यांचा राग आला नाही, माझा आला. दहा महिन्यांत चिमीला बघायला निदान पन्नास माणसं येऊन गेली. कुणावर गेली हे सगळ्यांनी विचारलं. काय खाते हे एकानेही नाही. पोर पिवळी पडली असती, निळी पडली असती, तर आम्ही अनवाणी दवाखान्यात धावलो असतो. पांढरी पडली, तर आम्ही फोटो काढले! 'गोरी' या एका शब्दाने घरातल्या चार शहाण्या माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

काटेताई खुर्चीत टेकल्या. आवाज उतरला होता.

"माझी थोरली अशीच होती. सगळे म्हणायचे, परी आहे परी. दोन वर्षांची झाली आणि भिंतीचा चुना नखाने खरवडून खायला लागली. मी हातावर फटके दिले. रोज द्यायचे. रक्त नसलं की पोरं असं काहीबाही खातात, हे मला ही नोकरी लागल्यावर, प्रशिक्षणात कळलं. दुपारच्या सुट्टीत घरी पळाले आणि तिचे हात धरून बसले." त्यांनी चिमीची मूठ उघडून पाहिली, परत मिटली. "आता ठणठणीत आहे ती. पण फटके मीच दिले होते ना."

शेजारीण कधी निघून गेली कळलं नाही. सुनेने ऑफिसला उशीर होत असल्याचा फोन केला, माझ्याकडे न बघता. तो तिचा हक्कच होता. मी फडताळातून बाटली काढून आणली. काटेताईंनी तारीख तपासली, ड्रॉपरवरची खूण नखाने दाखवली, महिन्याने पुन्हा रक्त तपासायला बजावलं आणि उठल्या. चहा विचारला तर नको म्हणाल्या.

दारात थांबून त्या सुनेशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"आजी, माझं एक ऐका. थेंब रोज तुम्ही स्वतःच्या हाताने द्या."