खिळ्याला टांगलेली वही

"बाबा गेले, काका," असा शीतलचा फोन आला, तेव्हा मी पेपर वाचत होतो. शीतल म्हणजे माझे शेजारी वानखेडे यांची मुलगी. शोकसभेत मी बोललो... शिस्तीचा, निर्मळ माणूस वगैरे. ती म्हणाली, "हे लिहून काढा ना." म्हणून लिहितो आहे, पण सभेत बोललो ते नव्हे.

वानखेडे मूळचे अमरावतीकडचे. खडकीच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोर राहायला आले. त्यांच्या पत्नी सुमनताईंना ऑक्सिजनचं मशीन लागे. वीज गेली तर अडायला नको म्हणून त्यांनी पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला आणि पार्किंगच्या कडेला, पत्र्याखाली ठेवला. त्याचं सगळं सोवळ्यातलं. काम झालं की बटण दाबून बंद करायचा नाही. आधी पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करायचा आणि आतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत उभं राहायचं. नाहीतर ते पेट्रोल पडून राहून चिकटून बसतं आणि पुढच्या वेळी इंजिन उठत नाही. शेजारी खिळ्याला वही. दर खेपेला त्यात लिहायचे, "कॉक बंद. आपोआप थांबला." मी म्हणायचो, "वानखेडे, एक आरतीही म्हणत चला." ते नुसते हसायचे.

एका दुपारी जनरेटरच्या आवाजाने माझी झोप मोडली. तक्रार करायला खाली गेलो आणि तेवढ्यात वीज आली. वर सुमनताईंना खोकल्याची उबळ आली होती. वानखेडे गॅलरीतून म्हणाले, "भाऊ, तेवढा कॉक बंद करा जी. मंग आपोआप थांबू द्या." मी बटण दाबलं आणि वर येऊन झोपलो.

नंतर सुमनताई खालावत गेल्या. जनरेटर मध्ये चालवून बघायला वानखेड्यांना फुरसत मिळाली नाही. दीड महिन्याने वीज गेली. ते जनरेटरची दोरी ओढत राहिले, तळहात सोलला, इंजिन उठलं नाही... लिफ्ट बंद. आम्ही सुमनताईंना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या.

तेराव्यानंतर वानखेड्यांनी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी कॉक तुम्ही बंद केला होता न?"

"मी? तुम्हीच खाली आला होतात, वानखेडे. जागरणं फार झाली तुमची."

ते म्हणाले, "असंन."

पुढे सोसायटीत विषय निघाला की मी त्यांच्या देखत म्हणे, "शिस्तीचा माणूसही एकदा विसरतोच." ते मान हलवायचे. माझ्या छातीत दुखलं, तेव्हा रिक्षात घालून मला दवाखान्यात त्यांनीच नेलं. त्यानंतर चार वर्षं आमची दारं समोरासमोर होती. आता ते विचारू शकत नाहीत, तेव्हा लिहितो आहे.

शीतल, जनरेटर भंगारात गेला तरी वही ने. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे, "कॉक बंद करायचा राहिला. सुमन, माझी चूक." काल त्याखाली मी लिहून आलो, कॉक कुणी बंद केला नाही ते. सही केली आहे. पेन चालत नव्हतं, म्हणून दोनदा गिरवली.