आई कुठाय याची

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी मला आई म्हणत नव्हता. वैनी म्हणायचा. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दोन दीर, एक नणंद, आणि तिघांच्या तोंडी सकाळपासून 'वहिनी, चहा', 'वहिनी, माझा शर्ट कुठाय'. पोरानं तेच उचललं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कारण हे त्यांना आई म्हणायचे. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "मला आई म्हणतो हो. माझ्याच मांडीवर वाढलाय." मी पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायचे. नऊ महिने पोटात मी वागवला आणि आई कोण, तर ह्या. मला ते फार लागायचं, खोटं कशाला बोलू.

बरं, बोलायला येत नव्हतं अशातलं नाही. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीखालून प्रभातफेऱ्या जायच्या आणि हा गॅलरीचे गज धरून 'झालाच पायजे' असं खणखणीत ओरडायचा. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं हसत बाहेर यायची. एवढा मोठा शब्द येतो, आणि दोन अक्षरं येत नाहीत?

अशात बेळगावहून भावाचं कार्ड आलं. आमच्या आईनं अंथरूण धरलं होतं आणि नातवाला बघायचं म्हणत होती. बाळंतपणाच्या वेळी माहेरी वडिलांचं आजारपण होतं, म्हणून मी मुंबईतच राहिले होते. तिनं त्याला अजून पाहिलंच नव्हतं. मी त्याच दिवशी ट्रंक काढली.

पण एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. तिच्यासमोर हा मला वैनी म्हणाला तर? आजारी बाईला काय वाटेल, लेकीची सासरी हीच किंमत? पोटचं पोरसुद्धा आई म्हणत नाही? बेळगाव यायच्या आत त्याच्याकडून आई म्हणवून घ्यायचंच, असं मी ठरवून टाकलं.

निघायच्या दिवशी नेमकी सगळी बोंब. हे फिरतीवर. धाकटे भावजी मला बोरीबंदरला पोचवणार होते, ते सकाळीच मोर्चाला पसार. फोर्टात पोलीस उभे, ट्राम बंद, दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवी बातमी घेऊन जिना चढत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आज नको निघूस. नाहीतर तू जा, त्याला ठेव इथे."

"त्यालाच बघायला बोलावलंय. मला नाही," मी म्हटलं आणि ट्रंक दाराबाहेर ओढली.

शेजाऱ्यांनी टॅक्सी आणून दिली. सगळ्यांचं म्हणणं पडलं, बोरीबंदरचं नाव काढू नका, गाडी दादरला पकडा. टॅक्सीवाला लालबागवरून जायला तयार होईना, रस्त्यात दगड आहेत म्हणाला. वरळीवरून, प्रभादेवीवरून वळसा घेत चालला आणि मी दर वळणाला त्याला वेळ विचारत होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, घड्याळ पुढे गेलं तर मी काय करू?" मांडीवर पोरगा 'आई, आई' करून रडत होता. गॅलरीत मागे राहिलेल्या आजीसाठी. माझं डोकं फिरून गेलं होतं.

दादरला माणसांचा नुसता चिखल. बोरीबंदरला जाणारे सगळेच तिथे आलेले. मी ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या एका जागी ठेवून हमालाशी हुज्जत घालत होते, की बायकांचा डबा पुढे लागतो की मागे. तो मागे म्हणाला, मी पुढे म्हटलं. वळून बघते तर पोर नाही.

पाच मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत मी प्लॅटफॉर्मच्या कडेला वाकून रुळांवर बघितलं, एवढंच सांगते. मग पाण्याच्या नळाजवळ घोळका दिसला आणि मधे एक हवालदार, आणि हवालदाराच्या हाताला माझा मुलगा. दुसऱ्या हातानं त्यानं एका नऊवारीतल्या, सासूबाईंसारख्याच पांढऱ्या केसांच्या म्हातारीचा पदर धरलेला.

मला बघताच तो ओरडला, "वैनी."

मी त्याला उचलायला गेले तर हवालदारानं हात आडवा घातला. "तुम्ही याची वहिनी व्हय? मग आई कुठाय याची?"

"मीच याची आई."

"आई कुठाय म्हणून इचारलं तर पोरगं ह्या म्हातारीकडं बोट दाखवतंय. म्हातारी म्हणती, माझा न्हवं. आन् तुमाला वहिनी म्हणतंय. आता मी कुणाचं खरं मानू?"

मी दीर, नणंद, सासूबाई, चाळ, सगळं एका दमात सांगायला लागले आणि जितकं सांगत गेले तितकं मलाच ते खोटं वाटायला लागलं. तिकडे गाडीची घंटा झाली. लोक माझ्याकडे पोर पळवणारीकडे बघावं तसं बघत होते.

सोडवलं त्या म्हातारीनं. "अरे बाबा, माजे तीनव झील माका वैनीच म्हणतत," ती आपल्या तीन मुलग्यांचं सांगत हवालदाराला म्हणाली, "म्हणान मी काय त्येंची आवस नाय? सोड तिका, गाडी इली."

हवालदारानं पोराकडे बघितलं. ते माझ्याकडे दोन्ही हात पसरून रडत होतं. त्यानं ते माझ्या कडेवर दिलं आणि जाता जाता म्हणाला, "पण बाई, आई म्हणायला शिकवा. पुन्हा हरपलं तर काय सांगंल?" डबा मागेच लागला होता. हमाल बरोबर होता.

गाडी हलली आणि मी कामाला लागले. राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हाताला लागणार नाही असा वर धरला. "मी कोण?"

"वैनी."

"आई म्हण. मग लाडू."

त्यानं सगळ्या डब्यात नजर फिरवली. "आई घरी," म्हणाला आणि भोकाड पसरलं. समोरची बाई म्हणाली, "द्या हो लाडू, किती छळाल त्याला." दिला. पुण्याला गाडी बदलल्यावर पुन्हा तेच. मिरजेला पुन्हा. मला बसवेना, त्याला बसवेना. शेवटी मी त्याला एक धपाटा घातला आणि मग मीच खिडकीकडे तोंड करून रडत बसले.

बेळगावला भाऊ न्यायला आला होता. गाव दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून टांग्यात तो सारखा चिडून बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. मी पोराच्या कानाशी लागले होते, "आई म्हण हं. आई."

उंबरठ्यातूनच मी हाक मारली, "काकी, आले गं." आम्ही भावंडं आमच्या आईला काकी म्हणायचो. एकत्र घर, थोरल्या काकांची सहा मुलं. त्यांची ती काकी, म्हणून आमचीही. जन्मभर तीच हाक, त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं.

ती खाटेवर अर्धी उठून बसली होती. खूप वाळली होती. पोरगा तिच्याकडे जाईना, माझ्या पायांना विळखा घालून उभा. तिनं त्याला डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "तुला काय म्हणतो?"

"म्हणतो की आई," मी खोटंच सांगितलं आणि त्याला पुढे ओढलं. "म्हण रे. मी कोण? सांग आजीला. आ-ई."

मी पुन्हा विचारलं. खांद्याला धरून हलवलं. हाताला चिमटासुद्धा काढला, तिला दिसणार नाही असा.

"सोड की त्याला," ती म्हणाली. "मागे लागून नाही होत ते. मी पण लागले होते तुझ्या मागे."

"कशासाठी?" मी हात सोडला तसा तो खाटेखाली शिरला.

"एवढीच होतीस. मागल्या दारी विहिरीपाशी न्यायचे तुला, कुणी नसताना. जाऊबाई हसतील म्हणून. आई म्हण, आई म्हण, करायचे. पेरूची फोड द्यायचे."

"मग?"

"मग काय. फोड खायचीस आणि म्हणायचीस, काकी, आता खाली सोड." ती जराशी हसली. "सोडायचे."

इतकी वर्षं. तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. दोनच अक्षरं होती. कालपासून शंभर वेळा उच्चारली होती, पोरासाठी. आता तोंड उघडलं आणि जीभ वळेना.

"काकी," मी म्हटलं, "चहा टाकू का तुला?"

"टाक," ती म्हणाली. "साखर बेताची घाल."

मी उठले, तर खाटेखालून आवाज आला, "वैनी, मला पन."